न होण्याची निगा

यू, जी, ए, जी, जी, यू, ए, जी. यू, ए, जी, जी, यू, यू, जी, यू. ए, यू, ए, जी, यू, यू.

बावीस अक्षरे. पहाटे घर अजून झोपेत असते, खिडकीतला उजेड अजून रंगावर आलेला नसतो, तेव्हा मी ही अक्षरे ओठांतल्या ओठांत म्हणून पाहते. अर्थासाठी नव्हे, नुसत्या चालीसाठी. आरएनएच्या चार अक्षरी आदिम लिपीतली तीनच अक्षरे इथे येतात; सी हे चौथे अक्षर या ओळीला वर्ज्य. उरलेली तीन एकमेकांत अशी गुंफलेली आहेत की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला जीभ आपोआप झुलू लागते. प्रयोगशाळेत या ओळीला लेट-७ म्हणतात. मातीतल्या एका इवल्या कृमीत ती आहे, फळमाशीत आहे, समुद्राच्या तळाशी काटे फुलवून बसलेल्या सी-अर्चिनमध्ये आहे, पट्टेदार झेब्राफिशमध्ये आहे. आणि ती पुटपुटणाऱ्या माझ्या ओठांच्या पेशींतही आहे. आम्हां सर्वांचा समाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही आधी कुठल्याशा समुद्रात वळवळत होता. त्यानंतर डायनोसॉर आले नि गेले, सह्याद्रीचा लाव्हा थरावर थर थिजत गेला, हिमालय उठला, नद्यांनी पात्रे बदलली, आणि त्या पूर्वजापासून या कृमीपर्यंत नि माझ्यापर्यंत येताना ही बावीस अक्षरे जशीच्या तशी पोचली.

इतके जपलेले काही असेल तर त्यातून केवढे काय घडत असेल, असे मन म्हणते. या ओळीतून काहीच घडत नाही.

तिच्यातून एकही प्रथिन तयार होत नाही. ती हाड बांधत नाही, रक्ताला रंग देत नाही, अन्न पचवत नाही. ती फक्त आवरते. कुठे काही घडू लागले असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसते, आणि ते थोडे कमी घडते. एवढेच तिचे काम. शाळेत आम्ही शिकलो ते जीवशास्त्र बोलक्यांचे होते: डीएनएत लिहिलेले असते, आरएनए तो निरोप घेऊन जातो, निरोपाबरहुकूम प्रथिन घडते, आणि प्रथिनांच्या घडण्यातून आपण. असणे म्हणजे घडणे, घडणे म्हणजे अधिकाधिक होत जाणे, अशी एक समजूत त्या धड्यातून नकळत अंगात मुरली होती. या बावीस अक्षरांच्या सहवासात ती हळूहळू विरघळत गेली. आता मला वाटते, आपण जितके घडण्यातून होतो, तितकेच आवरण्यातूनही होतो.

ही गोष्ट माणसांना पहिल्यांदा दिसली ती एका कृमीत. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स असे भरदार नाव मिरवणारा हा जीव जेमतेम एक मिलिमीटर लांब, आणि काचेसारखा पारदर्शक. त्याच्या अंगातून उजेड आरपार जातो. पूर्ण वाढ झालेल्या कृमीचे शरीर ९५९ पेशींचे. कुठली पेशी कुठल्या पेशीपासून झाली याची सगळी वंशावळ माणसाने डोळ्यांनी पाहून लिहून काढलेली आहे. अळीच्या चार अवस्था ओलांडून तो प्रौढ होतो. पण या कृमींत एक बिघडलेला वाण होता. त्याचे लिन-४ नावाचे जनुक हरवले होते, आणि त्याचे बालपण संपतच नव्हते. अंग वाढायचे, पण पेशी पहिल्या अवस्थेतलीच कामे पुन्हा पुन्हा गिरवीत राहायच्या. अंडी बाहेर टाकण्याची वाट शरीरात कधी तयारच व्हायची नाही. पोटात अंडी धरायची, आतल्या आत फुटायची, आणि पिल्ले आईच्या शरीरातच वळवळायची. बालपण पुरते न सरताच आलेले ते आईपण. सूक्ष्मदर्शकाखालचे त्याचे छायाचित्र पाहताना माझा श्वास क्षणभर अडला होता.

एखादी गोष्ट सुरू न झाल्याने जीव अपुरा राहतो हे समजते. इथे मात्र एक गोष्ट थांबली नव्हती, म्हणून जीव अपुरा राहिला होता.

व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन या दोघांनी हा वाण अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत, १९८० च्या दशकात हाताळला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, प्रयोगशाळा वेगळ्या झाल्या. कोडे मात्र दोघांनी वाटून घेतलेले राहिले. ॲम्ब्रोस, त्यांची पत्नी रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम लिन-४ च्या मागावर होते. त्या जनुकातून कुठले प्रथिन निघते हे शोधता शोधता त्यांच्या हाती लागला तो बावीस अक्षरांचा एक तुकडा, प्रथिन नव्हतेच. तिकडे रव्हकन लिन-१४ या दुसऱ्या जनुकाकडे पाहत होते. बालपणाच्या पहिल्या अवस्थेत लिन-१४ चे प्रथिन हवे असते, आणि ती अवस्था सरली की ते ओसरावे लागते. १९९२ मध्ये दोघांनी आपापल्या ओळी एकमेकांना कळवल्या. लिन-४ ची अक्षरे लिन-१४ च्या निरोपाच्या शेपटाशी जुळत होती. एका ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी, आणि कुठेच पूर्णपणे नव्हे. १९९३ च्या डिसेंबरात दोन्ही लेख शेजारी शेजारी छापून आले. पुढची काही वर्षे जगाला ती त्या कृमीची खासगी लकब वाटली. मग २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ सापडले, त्याच वर्षी ते माशीत, माशात, माणसात दिसले, आणि ती लकब सगळ्या प्राणिसृष्टीची निघाली. २०२४ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला राहून राहून आठवते ती मात्र १९९२ ची ती घटका: दोन गावांतली दोन माणसे आपापली अर्धी ओळ समोर ठेवून बसली आहेत, आणि एका ओळीतले मौन दुसऱ्या ओळीतल्या बोलण्याशी अक्षराला अक्षर लावून पाहत आहेत.

पूर्णपणे जुळत नव्हते, हेच त्यातले सगळ्यात सुंदर.

या इवल्या आरएनएचा, म्हणजे मायक्रोआरएनएचा, जन्मही कापाकापीतून होतो. आधी एक लांब धागा असतो, तो स्वतःवरच दुमडतो. ड्रोशा नावाचे प्रथिन त्याला पेशीकेंद्रात छाटते, डायसर नावाचे प्रथिन बाहेर आल्यावर पुन्हा छाटते, आणि उरलेली बावीसेक अक्षरे अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत जाऊन बसतात. मग ही जोडी निघते, आणि पेशीत तरंगणारे निरोप चाचपत जाते. निरोपात प्रथिनाची कृती जिथे संपते, तिथून पुढेही अक्षरे चालूच असतात. प्रथिनाच्या दृष्टीने ती कोरी जागा. याच कोऱ्या जागेत ती थांबते. बावीसांपैकी सुरुवातीची सहा-सात अक्षरे तिथे नेमकी जुळली की पुरते. बाकीची सैल राहिली तरी चालतात. मग निरोप वाचला जाण्याचा वेग मंदावतो, त्याचे शेपूट झिजत जाते, आणि तो थोडा लवकर विरतो. बावीसच्या बावीस अक्षरे जुळण्याचा हट्ट असता, तर एकेका ओळीला आयुष्यभरात क्वचित एखादाच निरोप आपला म्हणता आला असता. सहा-सातांवर ती समाधान मानते, म्हणून शेकडो निरोप तिचे होतात. माणसाच्या प्रथिने घडवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांवर अशा कुठल्या ना कुठल्या ओळीचा हात फिरतो. ती सैल नसती, तर इतक्यांची झाली नसती.

आणि इतक्यांची होणे गरजेचेच असते, कारण पेशीत कुणीच एकटे नसते.

प्रथिनाचे चित्र पुस्तकात एकटे काढतात. प्रत्यक्षात ते जमावात जगते. एकाच्या खोबणीत दुसरे बसते, दुसऱ्याच्या काठाला तिसरे टेकते, आणि अशा आठ, बारा, तीस जणांच्या मेळातून एक काम उभे राहते. रायबोसोममध्ये, जिथे ही सगळी प्रथिने विणली जातात तिथे, मानवी पेशीत सुमारे ऐंशी प्रथिने एकत्र येतात. अशा मेळात कुणाची संख्या फार झाली तर ते जास्तीचे जोडीदाराविना भटकत राहते. त्याची घडी विस्कटते, चिकट कडा उघड्या पडतात, त्याचे गोळे होतात, आणि पेशीला ते शोधून मोडून टाकावे लागते. कमी पडले तर उरलेले सगळे त्याची वाट पाहत ताटकळतात. म्हणून मेळ आवरायचा तर एकालाच गप्प करून भागत नाही. संशोधकांनी प्रथिनांच्या या मेळांचे नकाशे आणि मायक्रोआरएनएंच्या लक्ष्यांच्या याद्या एकमेकांवर ठेवून पाहिल्या, तेव्हा दिसले की एकाच मेळातल्या अनेक सदस्यांच्या निरोपांवर एकाच ओळीच्या, किंवा एकत्र जन्मणाऱ्या ओळींच्या, खुणा वारंवार आढळतात. ओळ सगळ्यांना जराजरा स्पर्श करते. कुणी संपत नाही, कुणी एकटे पडत नाही. सगळा मेळ मिळून थोडा मंद होतो, आणि आपसांतले प्रमाण टिकून राहते.

हा स्पर्श किती हलका असतो! बहुतेक प्रथिने त्याने निम्म्यानेही घटत नाहीत. त्या पारदर्शक कृमीतली मायक्रोआरएनए एकेक करून काढून टाकून पाहिली, तेव्हा बहुतेक वेळा नजरेला काहीच फरक दिसला नाही. हे वाचताना मला तंबोरा आठवला. वरच्या खुंट्या पिळून तार सुरापाशी आणतात. तो जोराचा, ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळणारा बदल. पण तार सुरात बसते ती खाली, घोडीच्या पलीकडे ओवलेला छोटासा मणी केसभर सरकवल्यावर. मणी हलताना दिसतही नाही. पण तो चुकला की चारही तारांचा आस विरजतो, आणि तो जागेवर आला की चार तारांच्या मधून, कुणीच न छेडलेला एक गंधार झरू लागतो. आपल्या गाण्याने सप्तकात बावीस श्रुती मानल्या, आणि जीवानेही आवरण्यासाठी बावीस अक्षरांचीच ओळ घेतली, हा योगायोगच. पण पहाटे, तो गंधार कानात असताना, योगायोगही पुष्कळ बोलतात.

रात्री डाव्या कुशीवर वळले की कान उशीत दाबला जातो, आणि आतले हृदय ऐकू येते. दिवसभर ज्याची आठवण होत नाही ते अंधारात एकदम जवळ येते. दाराबाहेर कुणी जडशीळ पावलांनी येरझारा घालावी तसे. या ठोक्याच्या मुळाशी मायोसिन नावाचे प्रथिन आहे, स्नायूला आखडवणारे. त्याच्या एका जनुकाच्या पोटातच, प्रथिन घडवताना कापून बाजूला टाकल्या जाणाऱ्या मजकुरात, एमआयआर-२०८ए नावाची ओळ दडलेली आहे. म्हणजे आकुंचनाची आज्ञा आणि आवर घालणारे मौन एकाच ओळीतून, एकाच श्वासात जन्मतात. २००७ मध्ये डॅलसला एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत ही ओळ नसलेले उंदीर वाढवले गेले. महाधमनी आवळून हृदयावर ताण आणला, तर एरवीच्या उंदरांची हृदये जाडजूड होतात. यांची झाली नाहीत. ताणाखाली सुजून उठण्याची ती आडदांड सवय या एका ओळीवाचून चालेना. पुढे २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून आणखी एक नवल आले. ही ओळ मेडिएटर नावाच्या प्रथिनांच्या मोठ्या मेळातल्या एका सदस्याला, एमईडी१३ ला, हृदयात आवरून धरते. हृदयात त्या एका सदस्याचे प्रमाण वाढवले तेव्हा तेलकट-तुपकट खाऊनही उंदीर लठ्ठ झाले नाहीत. हृदयातल्या एका मेळातली एक जागा थोडी मोकळी होते, आणि दूरच्या मेदाला ते कळते. मी छातीवर हात ठेवते. या ठोक्याच्या आतही असे किती हात एकमेकांना धरून असतील!

छातीकडून रक्त निघते, रक्तात लोह असते, आणि लोहाचा विचार आला की मन शरीराच्या अगदी वेगळ्या प्रांतात जाते. आतड्यांच्या अंधारात ई. कोलाय नावाचे जीवाणू राहतात. त्यांनाही लोह लागते, आणि त्यांच्याकडेही अशी इवली आरएनए असते. घाट वेगळा, वंश वेगळा, वृत्ती मात्र तीच. तिचे नाव आरवायएचबी, अक्षरे नव्वदेक. लोह पुरेसे असते तोवर फर नावाचे प्रथिन तिला बंद करून ठेवते. लोह आटले की फरची पकड सुटते आणि ती जन्मते. सहा जणांच्या कड्यासारखे एचएफक्यू नावाचे प्रथिन तिला हात देते, आणि ती एकामागून एक निरोपांपाशी जाते: लोह अंगावर बाळगणारी प्रथिने, लोह साठवून ठेवणारी प्रथिने, तूर्त ज्यांच्यावाचून चालेल अशी सगळी. त्यांचे घडणे ती थांबवते, म्हणजे उरलेले थेंबभर लोह ज्यांच्यावाचून चालणारच नाही त्यांच्यापर्यंत पोचावे. एरिक मासे आणि सुझन गॉटेसमन यांनी २००२ मध्ये हे दाखवून दिले. त्या जीवाणूला मेंदू नाही, मन नाही, मागचे-पुढचे काही ठाऊक नाही. तरीही टंचाईत कुणाचा हात आधी आखडावा, कुणाचा वाटा शेवटपर्यंत राखावा, याचा केवढा सखोल विवेक त्या नव्वद अक्षरांत उतरला आहे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तळाशी गेलेल्या विहिरी पाहिलेल्या कुणालाही तो ओळखू येईल.

विहीर म्हटले की मला आजोळची विहीर आठवते. रहाटाची करकर, दोराला आलेला ओला वास, कठड्यावरच्या शेवाळाचा बोटांना लागणारा थंडावा, आणि खाली, खूप खाली, नाण्याएवढे आभाळ. ही आठवण माझ्या डोक्यात नेमकी कुठे आहे? कुठल्यातरी चेतापेशींच्या जाळ्यात. आणि त्या चेतापेशी जन्मल्या तेव्हा त्यांच्या आत जे घडले, ते मला कळले त्या दिवसापासून आठवणीकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

चेतापेशी होण्याआधी ती पेशी सतत दुभंगत असते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. तिच्या केंद्रात बीएएफ नावाचा डझनावर प्रथिनांचा एक मेळ असतो. गुंडाळून ठेवलेला डीएनए कुठे सैल करायचा, कुठे घट्ट, हे तो मेळ पाहतो. म्हणजे कुठले पान उघडे ठेवायचे आणि कुठले मिटायचे, ते. दुभंगण्याच्या काळात त्या मेळात बीएएफ५३ए नावाचा एक सदस्य असतो. पेशी शेवटची दुभंगते, आणि तो उठून जातो. त्याच्या जागी बीएएफ५३बी येतो, जवळजवळ त्याच्याचसारखा, तरी वेगळा. हा बदल घडवतात दोन इवल्या ओळी, एमआयआर-९* आणि एमआयआर-१२४. अँड्र्यू यू, जेराल्ड क्रॅबट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे उलगडले. पेशी लहान असेपर्यंत या दोन ओळींनाच आरईएसटी नावाच्या प्रथिनाने गप्प ठेवलेले असते. वेळ आली की ते प्रथिन ओसरते, मौनावरचे मौन उठते, दोन्ही ओळी जाग्या होतात आणि जुन्या सदस्याच्या निरोपापाशी जाऊन बसतात. तो घडेनासा होतो. जागा रिकामी होते. नवा येऊन बसतो.

त्या क्षणानंतर ती पेशी पुन्हा कधी दुभंगत नाही.

संशोधकांनी जुन्या सदस्याच्या निरोपातली ती कोरी जागा काढून टाकून पाहिली, म्हणजे दोन्ही ओळींना बसायला ठावच राहिला नाही. जुना सदस्य जागचा उठला नाही, आणि चेतापेशीचे शाखांचे फुलणे खुंटले. पुढे २०१३ मध्ये दिसले की बीएएफ५३बी मध्ये दोष असलेल्या उंदरांची दीर्घकाळची आठवण टिकत नाही. मी त्या विहिरीवर ओणवी होऊन खाली पाहत होते, तेव्हा माझ्या डोक्यातल्या असंख्य चेतापेशींत तो जुना सदस्य केव्हाच उठून गेलेला होता. तो गेला होता, म्हणून ते नाण्याएवढे आभाळ आजही माझ्यापाशी आहे. आठवण म्हणजे काहीतरी साठवणे, असे आपण समजतो. तिच्या तळाशी मात्र एक जाणे आहे. कुणीतरी वेळेवर जागा सोडल्याची खूण आहे.

दुपारच्या उन्हात मी कधी हाताची पालथी बाजू पाहत बसते. शिरा वर आलेल्या, कातडी थोडी सैल झालेली, तिच्यावर पावसाळी रानातल्या पायवाटांसारख्या बारीक रेघा. २०११ मध्ये अँड्र्यू यू आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी घेतल्या, त्यांच्यात याच दोन ओळी घातल्या, सोबतीला चेतापेशींची काही प्रथिने दिली. त्वचेची पेशी हळूहळू आपले त्वचापण सोडू लागली. तिला फांद्या फुटल्या, आणि तिच्यातून चेतापेशींसारखी विजेची स्पंदने वाहू लागली. म्हणजे या हातावरच्या सुरकुत्यांत आठवण धरू शकेल असे काही मिटून पडले आहे. ते नाही असे नाही. ते होऊ दिलेले नाही. रोज, प्रत्येक पेशीत, कुणीतरी तिला दुसरे काही होण्यापासून आवरून धरत आहे, म्हणून त्वचा त्वचा आहे, आणि उन्हाची ऊब तिला ऊब म्हणून जाणवते. पुढच्या प्रयोगांत आणखी एक हळवी गोष्ट दिसली. वृद्ध माणसाच्या त्वचेपासून अशी चेतापेशी घडवली, तर तिच्यात त्या माणसाचे वय तसेच राहते. रूप पालटते. जगलेले मात्र पुसले जात नाही.

आणि कुठे कुठे हे आवरणे सुटतेही.

माझ्या आत्याच्या दंडावर चरबीची एक गाठ होती. मऊ, बोराएवढी, दुखरी नसलेली. लहानपणी आम्ही भावंडे तिच्या मांडीवर लोळताना त्या गाठीशी खेळायचो, बोटाने दाबली की ती कातडीखाली निसटायची, आणि आत्या हसून म्हणायची, "अगं, राहू दे गं तिला, ती काय कुणाला त्रास देते?" खरोखरच तिने कधी कुणाला त्रास दिला नाही. पुष्कळ वर्षांनी वाचले की अशा काही गाठींत बाराव्या गुणसूत्राचा एक तुकडा मोडलेला असतो, आणि मोड नेमकी एचएमजीए२ नावाच्या जनुकापाशी पडते. गर्भात वाढीच्या दिवसांत या जनुकाचा जोर असतो. नंतर ते शांत होते. त्याच्या निरोपाच्या शेपटात लेट-७ ला बसायला सात जागा आहेत. गुणसूत्र मोडते तेव्हा कधी कधी हे शेपूटच तुटून जाते. कृती शाबूत, तिच्यापुढची कोरी जागा तेवढी गेलेली. लेट-७ येते, ठाव शोधते, आणि तिला बसायला जागा नसते. ती ओळ आत्यातही होती, पन्नास कोटी वर्षांची, तशीच्या तशी. आत्याच्या गाठीत असेच काही झाले होते की नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण मला ती गाठ आता वेगळी आठवते: वाढीचे दिवस सरल्याचा निरोप ऐकू न आलेल्या, आपल्याच नादात राहिलेल्या काही पेशी, एका प्रेमळ दंडाच्या आत. कर्करोगात हेच मौन कितीतरी भयाण रीतीने हरवते. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात तेराव्या गुणसूत्रावरच्या अशाच दोन ओळी पुष्कळदा गळून गेलेल्या असतात, हे २००२ पासून ठाऊक आहे. तिथे काही वाईट येऊन चिकटलेले नसते. आवरणारे तेवढे निघून गेलेले असते.

म्हणून आता कर्तृत्वाच्या, घडवण्याच्या, उभारण्याच्या गोष्टी ऐकते तेव्हा त्यांच्या मागे उभी असलेली दुसरी माणसे मला दिसू लागतात. ज्यांनी काही उभारले नाही, पण कुणाच्या रागाला वेळेवर थोडे कमी केले. ज्यांनी घरातल्या चार भांडखोर स्वभावांना रोज जराजरा स्पर्श करून त्यांचा मेळ टिकवला, आणि यात आपण काही केले असे त्यांना स्वतःलाही कधी वाटले नाही. एकेकाचा वाटा मोजायला गेलो तर हाती काहीच लागत नाही. निम्म्यानेही फरक पडलेला नसतो. त्यांना काढून टाकले, तरी साध्या दिवसांत काही बिघडल्यासारखे दिसत नाही. ताण आला, टंचाई आली, मोठे होण्याची वेळ आली, की मग कळते. माझ्या पेशींनी हे शहाणपण मी जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून जपले आहे, आणि माझ्या आयुष्यात ते मला ज्यांच्या हातून मिळाले, त्यांची नावे कुठल्याच नोंदीत नाहीत.

मी जे झाले त्याचा हिशेब मला देता येतो: शिक्षण, काम, नाती, लिहिलेली पाने. पण माझी प्रत्येक पेशी हजार गोष्टी होऊ शकत होती आणि झाली नाही. माझा प्रत्येक राग वणवा होऊ शकत होता आणि झाला नाही. माझे बालपण कायमचे रेंगाळू शकत होते आणि वेळेवर सरले. या न होण्याचाही माझ्या असण्यात तेवढाच वाटा आहे, आणि ते आपोआप घडत नाही. पूर्ण न जुळताही शेकडोंशी नाते ठेवणारे, हलक्या हाताचे कुणीतरी त्याची अखंड निगा राखत असते. जगणे या निगेवर उभे आहे, असे आता मी मनापासून मानते. ज्यांनी माझी अशी निगा राखली त्यांचे ऋण फेडायचे, तर मलाही कुणाच्या तरी आयुष्यात काही न घडवता, नुसते प्रमाण राखत, जवळ बसायला शिकले पाहिजे.